शास्त्रोक्त पूर्वसूचना

प्रिय मित्र नवनाथ,

साष्टांग नमस्कार. उदराच्या विस्तारामुळे आठही अंगे भूमीला टेकत नाहीत. जी टेकतात तेवढ्यांचा स्वीकार व्हावा.

दसऱ्यापासून तुझा दूरध्वनी मौनव्रतात आहे, म्हणून लेखणी उचलली. काल पिंपरीच्या भाजीबाजारात तुझी तेजस्विनी भेटली. म्हणाली, "काका, बाबा दार उघडतात, डबा आत घेतात आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत देतात. चहा-बिस्किटावर चाललंय." पोर रडली नाही. मेथीची एकच जुडी उलटसुलट करत राहिली, आणि मला ते अधिक जड गेले.

कारखान्यात सर्व कुशल आहे. ज्या कंत्राटी मुलांसाठी तू फाटकासमोर बसलास ती कामावर रुजू झाली असून कँटीनच्या डाळीची यथासांग निंदा करू लागली आहेत. म्हणजे वृत्तीने तरी ती कायम झाली. तुझ्या मशीनवर सध्या ओंकार असतो. तुझा चहाचा मग त्याने खिळ्यावरून हलवलेला नाही.

चाकणचा तो ताडपत्रीचा मंडप वारंवार आठवतो. खांबाला तारेने बांधलेली महात्म्याची तसबीर वाऱ्याने पाठमोरी व्हायची आणि तू उठून ती पुन्हा सरळ करायचास. व्यवस्थापकाच्या मातोश्रींचा उद्धार करणाऱ्या घोषणा तूच बंद केल्यास. उपोषणापूर्वी कंपनीला लेखी कळवण्याचा हट्टही तुझाच. मिठाचा कायदा मोडण्याआधी महात्म्याने व्हाइसरॉयला पत्र धाडले होते, तेही 'प्रिय मित्र' असे संबोधून, हे तू आम्हांला इतक्या वेळा ऐकवलेस की तो व्हाइसरॉय आमच्याच शिफ्टला असावा असे वाटू लागले. मी मंडपामागे वडापावाशी गुप्त वाटाघाटी करून परतलो, तेव्हा तू एवढेच म्हणालास, "सयाजी, मिशीची चटणी पूस राव, मग बस."

तुझा आणखी एक सिद्धान्त होता. उपोषण शत्रूविरुद्ध करता येत नाही. ज्याच्याशी प्रेमाचे नाते आहे त्याच्याविरुद्धच करता येते. मी पृच्छा केली की मग व्यवस्थापकाशी आपले हे प्रेमप्रकरण केव्हापासूनचे? सारा मंडप हसला. विजयश्रीवहिनी त्या संध्याकाळी तुला भेटायला आल्या होत्या. त्याही पदर तोंडाला लावून हसल्या.

लिहायचे टाळत होतो तेथवर आलोच. मागण्या मान्य झाल्या त्या सकाळी व्यवस्थापक मोसंबीच्या रसाचा पेला घेऊन स्वतः मंडपात आला. तू हात जोडलेस. "साहेब, राग नाही. पण उपास बायकोच्या हातानंच सोडीन." वहिनी लिंबूसरबताचा थर्मास आणि मऊ भाताचा डबा घेऊन मोशीहून स्कूटरवर निघाल्या. आम्ही हार घेऊन उभे होतो. हायवेवरच्या कंटेनरने त्यांना फाटकापर्यंत येऊ दिले नाही. पुढे दहावे, तेरावे, सर्व विधी यथाक्रम पार पडले. एक तेवढा राहून गेला. तुझे उपोषण कोणी सोडवलेच नाही. त्या आकांतात हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. मलाही उमगले ते काल, त्या मेथीच्या जुडीकडे पाहताना.

आता पत्राचा हेतू. ही तुला रीतसर पूर्वसूचना आहे. येत्या रविवारी सकाळी मी तुझ्या दारासमोर सतरंजी टाकून बसेन. घोषणा होणार नाहीत. तू माझ्यासमोर बसून चार घास भात खाईपर्यंत मीही काही ग्रहण करणार नाही. माझा पूर्वेतिहास तुला ज्ञात आहे. परंतु तुझ्या जिन्यात वडापावची गाडी नाही, त्यामुळे निर्धार टिकण्यास वाव आहे. थर्मास भरून आणतो आहे. लिंबू तेजस्विनी पिळणार आहे. तिच्या हाताला वहिनींची चव आहे, असे मी म्हणणार नाही. सत्याग्रहात खोटे बोलता येत नाही. मात्र तुझ्या सिद्धान्तावर हे उपोषण घासून पाहिले. प्रेमाची अट पूर्ण होते.

दाराबाहेर, भुकेला आणि तुझाच,
सयाजी