गोजरआत्याचं रेकॉर्डिंग

५ जानेवारी, जालना
एम.ए. मराठीला या सत्रात भाषाविज्ञान नावाचा पेपर बोकांडी बसला. शिकवायला ज्योत्स्ना मॅडम. पहिल्याच तासाला म्हणाल्या, कोणतीही बोली अशुद्ध नसते. मग आमच्या अप्पांनी जन्मभर शाळेत पोरांचे हात लाल केले ते काय उगीच? मी तर लहानपणापासून शुद्ध बोलतो. इथे मी राहतो त्या मस्तगड भागात माझ्यासारखं मराठी दुसऱ्या कोणाचं असेल तर दाखवा.
संकल्प : आठवड्यात पुस्तक संपवणे. मॅडमच्या चुका काढणे.

९ जानेवारी
पुस्तक उघडलं. लेखक प्रस्तावनेतच चुकलाय. पुढे वाचण्यात अर्थ नाही.
वर्गात गळ्यावर बोटं ठेवून 'स' आणि 'झ' म्हणायला लावलं. कोणत्या अक्षराला गळा थरथरतो ते बघा म्हणे. मी बोटं ठेवली नाहीत. आम्ही काय दवाखान्यात आलोय? मग तोंडासमोर कागदाचा कपटा धरून 'प' आणि 'फ'. कपटा 'फ'ला हलला पाहिजे, 'प'ला नाही. माझा दोन्हीला उडाला. पंख्यामुळे. अर्पिता म्हणाली, पंखा बंद आहे. हिला कोणी विचारलं होतं? पहिल्या बाकावर बसते आणि 'मला नाही कळलं मॅडम' असं भर वर्गात बिनधास्त सांगते. लाज म्हणून नाही.

१२ जानेवारी
प्रोजेक्ट आला. गावाकडच्या एका माणसाला निवांत बोलू द्यायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, आणि जसं ऐकू येईल तसंच उतरवायचं, अक्षरही न बदलता. हे तर शाळेतली पोरंही करतील. पण ज्याचं काम सगळ्यात चांगलं, त्याला उन्हाळ्यात बोलींच्या सर्वेक्षणात सहायक म्हणून नेणार. फिरायला गाडी, गळ्यात आयकार्ड.
हे झालं नाही तर राजूरला बद्रीनाथमामांचं खताचं दुकान. अप्पांनी मामांना शब्द देऊन ठेवलाय. जीव गेला तरी त्या काउंटरवर बसणार नाही. घरी फोन करून सिलेक्शन झाल्याचं सांगून टाकलं. नाव जाहीर होणं ही नुसती फॉर्मॅलिटी.

१८ जानेवारी, धावडा
गोजरआत्याकडे आलो. अप्पांची थोरली बहीण. गप्पांना बसली की गल्ली गोळा होते, म्हणून हिलाच निवडली. मोबाईल मधे ठेवला आणि म्हटलं, नैसर्गिक बोल. म्हणाली, काय बोलू बाबा, मागं तू आल्ता तव्हाच समदं सांगितलं न्हाई का. म्हटलं, 'आल्ता' नाही आत्या, 'आला होतास'. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, सकाळपासून तूर झोडून राह्यले. म्हटलं, 'झोडत आहे'. असं प्रत्येक वाक्याला करावं लागलं. रेकॉर्डवर चूक राहायला नको. शेवटी म्हणाली, मंग तूच बोल की, मला न्हाई येत.
मग मीच बोललो. शुद्ध भाषेचं महत्त्व समजावून सांगितलं. आत्या 'हं' म्हणत शेंगा सोलत बसली. एकंदर रेकॉर्डिंग उत्तम झालं.

२० जानेवारी
उतरवून काढलं. ऑडिओ ऐकला नाही. मी तिथेच तर होतो, ऐकायचं काय? आत्या जिथे अडाण्यासारखी बोलली तिथे सावरून घेतलं. आपलं माणूस आहे, मॅडमसमोर शोभा नको. जिथे गप्प होती तिथे ती काय म्हणाली असती ते लिहिलं. आत्या आता म्हणते, 'सकाळपासून मी तुरीची मळणी करीत आहे.' वाचून ऊर भरून आला. अर्पिताने तिच्या आजीचा खोकलासुद्धा उतरवलाय म्हणे. वेडी आहे.

१८ फेब्रुवारी
तोंडी परीक्षा. मॅडमनी माझं वाचलं, चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाल्या, ऑडिओ लावा. सगळ्या वर्गासमोर.
कोणीतरी चिरक्या आवाजाचा माणूस बोलत होता. 'आत्या, मी काय सांगून राह्यलो, ध्यान देऊन ऐक. शुद्ध बोलल्याबिगर कोन्ही इचारत न्हाई आपल्याला, बिलकुल न्हाई.' वर्ग हसून हसून लोळला. हा माणूस माझ्या मोबाईलमध्ये आला कसा? अर्पिता हसली नाही, मान खाली घालून ऐकत होती. तिचा सगळ्यात जास्त राग आला. मॅडम म्हणाल्या, नमुना छान आहे, बोलणारा अगदी नैसर्गिक आहे, फक्त यात तुमच्या आत्या कुठे आहेत?

१९ फेब्रुवारी
मोबाईलच्या माइकमध्ये दोष आहे. स्वस्तातला मोबाईल, गावठीच आवाज काढणार.
संकल्प : मॅडमविरुद्ध तक्रार. अर्ज शुद्ध मराठीत.

३ मार्च
अर्पिताचं नाव लागलं. सरळसरळ वशिला. मॅडमना जाब विचारला तर म्हणाल्या, तुम्हाला अजून ऐकता येत नाही, ते शिका, मग पुढच्या वर्षी बघू. माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत! तक्रारीचा अर्ज अजून पहिल्या ओळीवरच आहे. घरी सांगितलं की सर्वेक्षणच रद्द झालं.

२५ एप्रिल, राजूर
दुकानात आहे. तात्पुरता. मामा म्हणतात, आधी गोणी उचल, भाषण मंग कर.
दुपारी सर्वेक्षणाची गाडी गणपतीच्या दर्शनाला थांबली. म्हणजे घरच्यांना कळणार. अर्पिता पाणी प्यायला नेमकी आमच्याच दुकानात आली, आयकार्ड मिरवत. म्हणाली, आम्ही धावड्याला तुझ्या आत्याकडे गेल्तो, दुपारभर बोलल्या, थांबायलाच तयार न्हाई. तू लहान असताना तुझी आई लई आजारी होती, तर तू तिकडंच होता म्हणे, बोलायलासुद्धा त्यांच्याच ओट्यावर शिकला. मला हे माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही तर कसं माहीत असणार? म्हटलं, मला ते रेकॉर्डिंग पाठव.
ती घुटमळली. मग म्हणाली, आत्यांनी सगळ्यांना ऐकवायची परवानगी दिली आहे, फक्त म्हणाल्या, आमच्या मच्छिंद्राला नका ऐकवू बाई, त्यो चुका काढीन.
गिऱ्हाईक आलं म्हणून बरं झालं. कोणी न सांगता दोन गोण्या उचलून दिल्या. खताची धूळ फार आहे इथे.

२६ एप्रिल
आत्याला फोन लावला. चांगलं सुनावणार होतो. परक्यांसमोर दुपारभर बोलतेस आणि मला ऐकवायचं नाही?
तिनं उचलला. माझा आवाज ओळखला. मग एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, 'तू कसा आहेस? मी बरी आहे. तुझ्या प्रकृतीची काळजी घे.' आणखी काही बोलेल म्हणून मी फोन कानाला लावून उभा राहिलो. बोलली नाही.
एकही चूक नव्हती.