शिळे माप नको

१२ एप्रिल १९५६. प्रातःस्नानानंतर.
कासारवाडीच्या जागेवर घर बांधण्याचा संकल्प सोडला. घराचा प्लॅन माझा. आतील निजायची बाज, देव्हारा, पाळणा, इतकेच काय, ताकाच्या रवीची मूठही माझ्याच आराखड्याची. ज्याने भिंत कल्पिली त्यानेच खुंटी कल्पावी.
माप यजमानाच्या अंगुळाचे, म्हणजे माझ्या मधल्या बोटाच्या रुंदीचे. आज छताच्या तुळया कापविल्या. सावळाराम सुतार म्हणाला, "अण्णा, फूटपट्टी घ्या की. साहेब गेला, पट्टी हाय अजून." मी हसलो. मग म्हणे, निदान या बोटाच्या मापाची काठी तरी करून ठेवू. निषिद्ध! कालच्या फुलांनी आज पूजा होत नाही; कालच्या काठीने माप कसे घ्यावे? प्रत्येक कामास त्या दिवशीचे ताजे बोट.

७ सप्टेंबर.
संधिवाताने बोटे सुजली आहेत. व्रतात खंड नाही. उन्हाळ्यात केलेल्या पेटीचे झाकण आज झाले. पेटीहून बरेच मोठे आले. हिने विचारले, "झाकण आहे की छप्पर?" झाकण उदार असावे, असे समजाविले.
सूनबाई यशोदेस दिवस गेले आहेत. प्रसूती माझ्या नव्या घरातच होईल, असे जाहीर केले.

२० ऑक्टोबर.
भिंती उभ्या राहिल्या. रोज सकाळी नवे माप. सूज वाढती आहे. खोल्या अपेक्षेहून ऐसपैस झाल्या, दैवी कृपा.

१८ नोव्हेंबर.
तुळया चढविल्या. बाळंतिणीच्या खोलीतील मधली तुळई भिंतीवर जेमतेम टेकली, पक्षी फांदीवर टेकतो तशी. सावळाराम मधोमध टेकू लावू म्हणाला. खोलीच्या ब्रह्मस्थानी खांब? नाकारला. "मग बाज तरी भिताडाकडं सरकवा." बाजेची जागा ठरलेली आहे. तुळईखाली निजू नये हे वचन मला ठाऊक आहे. ते परक्या मापाच्या तुळईविषयी असावे.

२ डिसेंबर.
गृहप्रवेश. लोणावळ्याकडील आगगाडी जवळून गेली आणि तुळईने हुंकार दिला. वास्तुपुरुष जागा झाला. थोडा चुना बाजेवर पडला. अक्षता म्हणाव्यात.

१९ डिसेंबर.
चिरंजीव ज्योतीराम कारखान्यातून शिफ्ट संपवून आला तो थेट शिडीवर चढला. म्हणाला, "अण्णा, ही सरकतेय. भिंतीलगत कोळशाची खूण केली होती तुळईवर, ती बोटभर पुढे आली." खूण सरकली असेल, असे उत्तर दिले.
पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, तेव्हा यशोदेस दिघीस पाठवावे, असे हिचे म्हणणे. रीत लौकिक आहे. खोली शास्त्रोक्त आहे. परवानगी नाही.

४ जानेवारी १९५७.
यशोदा त्या खोलीत निजत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसते आणि वर पाहते. तुळई हल्ली गाडी नसतानाही बोलते. मांजरही आत जात नाही. उंदीर नसल्याचे लक्षण.
पाचर मारण्यास सावळारामास बोलाविले. तो दारातूनच म्हणाला, "अण्णा, मला तीन लेकरं हायेत." काळ श्रद्धेचा राहिला नाही.
उद्यापासून सूनबाईने बाजेवरच निजावे, अशी आज्ञा केली. कोणी उत्तर दिले नाही. मौन ही संमती होय.

५ जानेवारी. सायंकाळ.
मी पवनेकाठी संध्येस गेलो असता ही यशोदेस बैलगाडीत बसवून दिघीस घेऊन गेली. गाडी ज्योतीरामाने आणली. म्हणजे कट. शेजारच्या शालनबाई सांगत होत्या, "गाडी वळेपर्यंत पोर मागं बघत होती हो, कुणी अडवतंय का म्हणून." दोघी परत येईपर्यंत अन्न वर्ज्य.

६ जानेवारी.
केळी चालतात. दूधही.

९ जानेवारी. सकाळी.
देव्हाऱ्यापुढे बसलो असता तुळई उतरली. बाजेचे दोन भाग झाले. पाळणा दिसत नाही, कौलांखाली असावा. सावळाराम आला, "खोली रिकामी व्हती ना हो?" असे दोनदा विचारून गेला. एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे: तुळई बाजेच्या बरोबर मध्यावर पडली. मांडणीत तिळमात्र चूक नव्हती.

११ जानेवारी.
दिघीहून निरोप. नात झाली. मायलेकी सुखरूप. आज अन्न घेतले.

२२ जानेवारी. दिघी.
बारसे. व्याही उद्धवराव यांनी पाय धुण्यास पाणी दिले. घराविषयी कोणी एक शब्द विचारला नाही. मी होऊन नव्या बाजेचा आराखडा सांगू लागलो. ही म्हणाली, "अहो, पुरे." पुरे केले.
नातीस मांडीवर मागितले. यशोदेने प्रथम माहेरच्या आढ्याकडे पाहिले. म्हणाली, "मामंजी, अंगणात चला. इथं नको." तिच्या आईने सांगितले, "तिचं असंच झालंय आता. पाऊस नाही म्हणून बरं, पोरीला घेऊन दिवसभर बाहेरच असते." बाहेर जाऊन उन्हात बसलो. वर काहीच नव्हते. यशोदा आली, वाकली, मूल माझ्या मांडीवर ठेवले.
हात मात्र तिने काढून घेतले नाहीत.