अहिराणीला घरात घेतेय

अहो,

तुमचं नाव आयुष्यभर घेतलं नाही, आता तुम्ही गेल्यावर कशाला घेऊ? चौथीपर्यंतचं माझं अक्षर, चुका काढत बसू नका. काल जेवताना जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आपल्या नातीला, ईशाला, शाळेत एका विषयावर उभं राहून बोलायचंय. रेफेराट म्हणतात त्याला इथं जर्मनीत. तिनं विषय घेतला अमेरिकेतल्या मैदू जमातीचा. मूठभर माणसं, राखून दिलेली इवलीशी जमीन. सरकारनं म्हणे एकदा त्यांना कागदावरून खोडलं, मग पुन्हा मान्यता दिली. मी म्हटलं, मधली वर्षं ती माणसं काय हवेत होती?

ते लोक ओकच्या झाडाची कडू फळं दळून खातात. पोरीनं इथल्या, गेर्लिंगेनच्या रानातून पिशवीभर आणली. मी सोलली, मिक्सरमधून काढली, पाणी बदलत भिजत ठेवली. कडूपणा गेला. चव म्हणाल तर तुमच्या बहिणीच्या पिठल्यासारखी, कशालाच नाही.

पाणी बदलताना ती मोडक्या मराठीत सांगत होती. त्यांची मुलं सरकारी माणसं लांबच्या शाळेत नेऊन ठेवायची, आणि घरची भाषा बोलली की मार. माझा हात पाण्यातच राहिला.

आठवतं? धुळ्याहून पुण्याला आलो तेव्हा आपला सुधीर पाच वर्षांचा. शेजाऱ्यांसमोर ‘माले भूक लागनी’ म्हणाला आणि तुम्ही त्याच्या थोबाडीत दिलीत. त्या दिवसापासून घरात अहिराणी बंद. कचेरीत तुमच्या बोलण्याला हसायचे, हे मला फार उशिरा कळलं, तेही तुमच्या मित्राकडून. मला का नाही सांगितलंत? आणि मी तरी चाळीस वर्षं गप्प का बसले!

दवाखान्यात शेवटी पाणी मागितलंत ते कोणत्या भाषेत? ‘माले पानी दे.’ ‘शुद्ध बोला’ असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पाणी दिलं.

ईशानं विचारलं, "आजी, तुझी पण अशी भाषा आहे?"

नाही म्हणायची सवय. या वेळी म्हटलं, आहे.

काल ताटं वाढली आणि आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसलेल्या सुधीरला हाक मारली, "सुधीर, जेवाले ये."

आतला कीबोर्डचा खडखडाट थांबला. मग आतून आलं, "येस, माय."

ईशा हसायला लागली. पापा आजीशी इंग्रजीत बोलतोय, असं जर्मनमध्ये म्हणाली. मी म्हटलं, इंग्रजी नव्हे बाई, आमच्यात ‘येस’ म्हणजे ‘येतो’. सुधीर वर न बघता जेवला. भात पुन्हा मागितला तोही ‘माले’ म्हणूनच.

तर ऐका. मी आहे तोवर या घरात अहिराणी रोज बोलली जाईल. विचारत नाही, कळवतेय. मला न्यायला याल तेव्हा त्याच भाषेत हाक मारा, मी ‘येस’ म्हणेन. पण घाई करू नका. पोरगी अजून ‘येस’ या एकाच शब्दावर आहे.

तुमची,
सुधीरनी माय