भोजनकक्षातील मौन मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
पाणी-मीटर चाचणी व दुरुस्ती कार्यशाळा,
पाणीपुरवठा विभाग.

विषय : भोजनकक्षातील मौनाची सूचना रद्द होणेबाबत व फिटर यांचा बदलीचा अर्ज मंजूर न होणेबाबत.

संदर्भ : १) "जेवताना कोणीही बोलू अथवा हसू नये" ही भोजनकक्षाच्या दारावरील आपल्या सहीची सूचना.
२) दूरच्या पंपगृहावर बदली मिळावी म्हणून फिटर यांनी आपल्याकडे दिलेला अर्ज.

महोदय,

या कार्यशाळेत मीटर तपासनीस म्हणून काम करणारा अर्जदार सविनय सादर करतो की, संदर्भ क्र. १ ची सूचना त्याच्याच जिवाच्या काळजीपोटी निघाली, याची त्याला पूर्ण जाणीव आहे. काळजीविरुद्ध तक्रार करणे कृतघ्नपणाचे दिसेल म्हणून हात धजत नव्हता. पण आता गप्प राहणे त्याहून जड झाले आहे.

१. अर्जदारास मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार आहे. मेंदूचा निरोप वाटेत अडखळतो आणि मग पाय अडखळतो, हे सर्वांनी पाहिले होते. घसाही अडखळू लागला आहे, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. पातळ पदार्थ सर्वांत वैरी. दिवसभर मीटरमधून थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून पाणी सोडणाऱ्या अर्जदारास साध्या पाण्याचा घोट नीट गिळता येत नाही. त्यात पावडर कालवून, ते दाट करून चमच्याने घ्यावे लागते. ठसका लागला की तो धुळीवर ढकलून मोकळा होई. पत्नी म्हणे, "एकदा सांगून टाका ना तिथे. रोज नवा बहाणा आणायचा कुठून?" अर्जदाराने सांगितले नाही. माणसे स्वतःचे जेवण सोडून आपल्या घशाकडे बघत बसतील, ही धास्ती.

२. फिटर यांना त्यांच्या आवाजामुळे सगळी कार्यशाळा 'भोंगा' म्हणते. त्या दिवशी भोंगा एका ग्राहकाची गोष्ट सांगत होता. मीटर उलटा बसवला गेल्याने आकडे मागे फिरत होते, आणि तो गृहस्थ खिडकीवर येऊन म्हणाला होता, "मीच तुम्हाला पाणी पुरवतोय, आता तुम्ही मला बिल भरा!" अर्जदाराच्या तोंडात घास होता. हसू फुटले आणि घास भलत्या वाटेला गेला. आवाज निघेना, श्वास येईना, ओठ निळे पडले. भोंग्यानेच खुर्ची लाथाडली, अर्जदाराला पुढे वाकवले आणि पाठीत असे दणके घातले की घास बाहेर येऊन पडला. भांडारपाल बाई रडू लागल्या. दोन्ही हात काखेत दाबून भोंगा भिंतीशी उभा राहिला आणि म्हणाला, "मी मारला असता तुला. माझ्या या तोंडानं मारला असता."

खरे पाहता चूक ज्याने लपवले त्याची. हे अर्जदाराने त्याच क्षणी बोलायला हवे होते. पण घशात आवाज नव्हता, आणि आवाज आला तेव्हा धीर नव्हता.

३. त्यानंतर सूचना लागली. आता अर्जदाराने चमचा उचलला की टेबलावरचे बाकी चमचे थबकतात. घास खाली उतरला की कोणीतरी सुस्कारा सोडते. गिळताना हनुवटी छातीकडे झुकवायची, असे अर्जदारास शिकवले आहे. ते बघून बघून पेंटरही हनुवटी झुकवून गिळू लागला, मग वेल्डर, मग भांडारपाल बाई. सहानुभूतीची लागण झाली आहे. बाईंनी तर सर्वांसाठी भाज्या घोटून आणायला सुरुवात केली. गेल्या पंधरवड्यात मुख्यालयातून आलेल्या तपासणी अधिकाऱ्यांनी दारातून हे मुंड्या खाली घालून चाललेले जेवण पाहिले, टोपी काढली आणि हळूच विचारले, "कोण गेलं?"

सर्वांनी अर्जदाराकडे बोट दाखवायचे तेवढे बाकी ठेवले.

४. भोंगा टेबलावर येतच नाही. लेथ मशीनच्या मागे उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलतो. दिवसभर त्याच्याकडून पान्याच्या खणखणाटाखेरीज काही ऐकू येत नाही. आणि आता संदर्भ क्र. २. ज्या माणसाने जीव वाचवला, त्यालाच गुन्हेगारासारखे गाव सोडून जावेसे वाटते. अर्जदाराचा घास रोज गिळला जातो. ही गोष्ट मात्र गिळली जात नाही.

५. भांडारगृहात एकट्याने जेवण्याची परवानगी मागावी, असे अर्जदाराने आधी ठरवले होते. म्हणजे बाकीचे तरी सुखाने जेवतील. त्यासाठी दाखला आणायला तो गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेला. त्यांनी मजकूर वाचला आणि कागद परत सरकवला. "एकटे जेवणार? घास अडकला तर भिंत येऊन पाठीत मारणार आहे का?" दाखला मिळाला तो उलटा : 'एकट्याने जेवू नये.'

६. मग सोमवारी अर्जदार काठी टेकत, डबा घेऊन लेथच्या मागे गेला.

"मी जेवेपर्यंत बस. बोलू नकोस, नुसता बस."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं," भोंगा म्हणाला.

"पाठीत मारायला तुझ्याइतका सरावाचा हात इथं कोणाचा आहे?"

भोंगा बसला. ताठ बसणे, लहान घास, हनुवटी खाली, गिळणे, तोंड रिकामे झाल्याची खात्री, मग दुसरा घास. डबा संपायला बराच वेळ लागला. अर्जदाराने झाकण लावले आणि जे त्या दिवशी सांगायचे राहिले होते ते सांगितले : "मी लपवलं होतं. तुझं काही चुकलं नाही." भोंग्याने हातातला बोल्ट खाली ठेवला. मग खालच्या आवाजात त्याने सासऱ्यांच्या नव्या कवळीची हकिगत काढली. ती या अर्जात लिहिण्याजोगी नाही. दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मध्ये अर्जदारास स्वतःच्याच लाळेचा बारीक ठसका लागला. भोंगा हात उगारून उभा! अर्जदाराने त्याला खूण करून खाली बसवले आणि म्हणाला, "पुढं?"

७. तरी विनंती की,

(अ) अर्जदारास इतरांच्या आधी अर्धा तास जेवू द्यावे, सोबत फिटर असावेत. तेवढा वेळ दोघेही संध्याकाळी थांबून भरून काढतील.

(ब) नंतर मुख्य जेवणाच्या वेळी अर्जदारास रिकाम्या तोंडाने टेबलावर बसू द्यावे, आणि दारावरील सूचना काढावी. बोलण्याहसण्याने त्या वेळी त्याला काही अपाय नाही.

(क) बदलीचा अर्ज दप्तरी दाखल करावा.

एक गोष्ट दाखल्यात नाही, पण व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ती अर्जदारापासून लपवलेली नाही, म्हणून तोही आपल्यापासून लपवत नाही. हा आजार पुढे सरकला तर कदाचित तोंडाने खाणे थांबेल, नळीने अन्न घ्यावे लागेल. तशी वेळ आली तर अर्जदाराची ताटली उचलावी, त्याबद्दल त्याची हरकत असणार नाही. खुर्ची मात्र कृपया उचलू नये.

आपला आज्ञाधारक आणि त्या टेबलाचा ऋणी,
(सही)
मीटर तपासनीस, चाचणी बाक
दिनांक : १४ जून

सोबत :
१) मज्जातंतूविकार तज्ज्ञांचा दाखला.
२) गिळण्याबाबतच्या सूचना व 'एकट्याने जेवू नये' हा दाखला.
३) फिटर यांचे स्वहस्ताक्षरातील पत्र, मजकूर एक ओळ : "बदली नको साहेब, मी याच्या शेजारी बसतो."