फारसं लक्ष न मागणारी बाग

५ नोव्हेंबर
बायकोला बढती मिळाली, पण बदलीसकट. रात्रभराच्या प्रवासाचं गाव. डिसेंबरअखेर होय-नाही कळवायचंय. म्हणाली, बसून बोलू या. मी म्हटलं, अवश्य. पण नुसत्या बोलण्यात काय आहे? करून दाखवायला हवं. मागच्या अंगणात मधमाशा-फुलपाखरांसाठी बाग करतो. सगळी बारमाही झाडं. एकदा लावली की दरवर्षी आपोआप फुलतात, फारसं लक्ष द्यावं लागत नाही. माझ्या स्वभावाला साजेसं. अशी बाग सोडून कोण जाईल?

८ नोव्हेंबर
जमीन म्हणजे निव्वळ दगड. शेजारच्या कंपाउंडरकाकांच्या कुदळीचा दांडा मोडला. जुनाच होता. बायको चहा घेऊन दारात उभी. वेळ आहे का, विचारलं. हात मातीचे होते. उद्या नक्की.

९ नोव्हेंबर
कंबर धरली. बोलणं पुढे ढकललं.

१६ नोव्हेंबर
रोपं आणली. सदाफुली, साल्व्हिया, लॅव्हेंडर. नर्सरीवाला म्हणाला, पहिल्या वर्षी मुळंच धरतात, खरा बहर पुढच्या वर्षी. मी म्हटलं, मला डिसेंबरअखेर पाहिजे. हसला. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, याचं वळणच नाही.

२४ नोव्हेंबर
चार-दोन फुलं आली! मागोमाग अळ्याही. पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. बारीक जाळी आणली आणि वाफा चहूबाजूंनी बंद केला. आता मुंगीची शिरायची टाप नाही.

३० नोव्हेंबर, दुपार
ऑफिसला आजारी असल्याचं कळवून खुर्ची टाकून बसलो. एकही मधमाशी नाही. सगळ्या कंपाउंडरकाकांच्या गटाराशेजारच्या रानझुडपावर. त्या माणसाने आयुष्यात एक रोप लावलेलं नाही. जगात न्याय उरला नाही.

९ डिसेंबर
बायकोने खिडकीतून विचारलं, जाळी असताना मधमाशा आत येणार कुठून? स्वर खोचक होता, लक्ष दिलं नाही. ती कामावर गेल्यावर जाळी काढली. तशी मी काढणारच होतो.

११ डिसेंबर
जाळी काढल्याचं अळ्यांना कुणी सांगितलं? नुसत्या काड्या उरल्यात. वाफ्याशेजारी बसून रडलो. खरंच रडलो, लहान मुलासारखा. बायको आली, मातीतच शेजारी बसली. म्हणाली, झाडांचं राहू दे, जावं की नाही हेच मला कळत नाहीये, तुला काय वाटतं? मनात खूप काही आलं. मी म्हणालो, साबणाचं पाणी फवारून बघू.
ती थोडा वेळ बसली आणि आत गेली. उन्हात बसायची तिला सवय नाही.

२८ डिसेंबर
शेवटचा उपाय. बाजारातून फुललेल्या कुंड्या आणून कुंड्यांसकट मातीत पुरल्या. कुणाच्या बापाला कळणार नाही.

२८ डिसेंबर, संध्याकाळ
बायकोला कळलं. कुंड्यांच्या कडांवर माती तेवढी ओढली. मग म्हणाली, ‘होय’ कळवून टाकलं.

४ जानेवारी
टेम्पो आला. सामान निम्म्याहून कमी निघालं, म्हणजे परत यायचा विचार दिसतो. निघताना म्हणाली, दोन महिने तिने फक्त ‘जाऊ नकोस’ एवढंच ऐकायची वाट पाहिली. मी थक्क झालो. म्हटलं, एवढी मरमर कुणासाठी केली? ही बाग तुझ्यासाठीच तर होती!
ती म्हणाली, तिला वाटलं, मधमाशांसाठी.

५ जानेवारी
घर फार मोठं आहे. आधी लक्षात आलं नव्हतं.
फोन केला. नीट पोचली म्हणाली. मला बरंच बोलायचं होतं, ‘परत ये’ अगदी ओठांवर होतं. ती थांबलीही होती. बागेला रोज पाणी घालतोय, असं सांगून फोन ठेवला.
घातलेलं नाही.