आईचा गुडघा आणि माझी खाली बसलेली गाडी

ती. दाजी,

कमरेत वाकून नमस्कार (माझी कंबर अजून वाकते, घरात सध्या एवढंही सगळ्यांना जमत नाही, ते पुढे येईलच). ताईची पाठ आता कशी आहे? तुमच्या गाडीची तब्येत मात्र विचारत नाही. हवेवर जगणाऱ्यांची चौकशी जपून करावी.

गेल्या खेपेला आपलं भांडण अर्धवट राहिलं, म्हणून मुद्दा पुन्हा मांडतो. तुम्ही स्प्रिंगा काढून हवेच्या रबरी पिशव्या बसवल्यात, डिकीत कॉम्प्रेसर ठेवलात, आणि बटण दाबून गाडी वरखाली करता. मौज आहे, नाही म्हणत नाही. पण वळणावर गाडीने रस्त्याची खबर द्यायची असते, अंगाई म्हणायची नसते. माझी कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि तिच्या पोटात शॉक अब्सॉर्बर, असा एकजीव संसार. पान्याने कडं फिरवायचं, गाडी हवी तेवढी खाली बसवायची, उंची ठरली की ठरली. गळायला हवा नाही, जळायला वायर नाही. (हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, तरी चारी चाकांखाली वजनकाटे ठेवून कुठल्या चाकावर किती भार येतो ते तोललं. ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाची वाळूची पोती ठेवली होती. हिने पाहिलं आणि विचारलं, "आणि माझं पोतं कुठाय?" शर्यतीच्या हिशेबात बायको धरत नाहीत, हे तिला अजून पटलेलं नाही.)

तर परवा आईला हॉस्पिटलातून सोडणार होते. नवा गुडघा अजून पुरता वाकत नाही. तुम्ही गाडी आणतो म्हणालात, मीच ताठ्यात म्हटलं, पोटचा मुलगा असताना जावयाला त्रास कशाला? दारात गाडी लावली. आईने व्हीलचेअरवरून खाली पाहिलं (खालीच पाहावं लागतं) आणि म्हणाली, "अरे, यात बसायचं की उतरायचं?" नर्सने एकीकडून धरलं, मी दुसरीकडून. आई अर्धी आत, गुडघा बाहेर, मागे ॲम्ब्युलन्सचा हॉर्न. वॉचमन वाकून म्हणाला, "साहेब, आधी गाडी उभी तर करा!" ती उभीच आहे, हे सांगताना जीव अर्धा झाला. शेवटी आई परत वॉर्डात. मला एका शब्दाने बोलली नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मात्र सांगत होती, "मुलाची गाडी फार भारी आहे हो, मलाच मेलीला बसता येत नाही."

यावरून कॉइलओव्हर वाईट ठरत नाही. दोष असलाच तर गुडघा बसवणाऱ्यांचा. त्यांनी आधी गाडीची उंची विचारायला हवी होती.

आपला हट्टी मेहुणा

ता. क. उद्या सकाळी तुमची गाडी घेऊन याल का? पिशव्यांत हवा ठासून भरा, होईल तेवढी उंच करा. चालवायलाही तुम्हीच बसा. मी मागे आईचा पाय मांडीवर घेऊन बसेन.

आणखी एक ता. क. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काल आईला विचारलं, गुडघा कितपत वाकायला हवा, जिन्यापुरता की खुर्चीपुरता? ती म्हणाली, "मुलाच्या गाडीत बसण्याएवढा." तेव्हापासून ओठ घट्ट मिटून व्यायाम चाललाय. म्हणून आज मी गाडी चार बोटं वर घेतली. उद्यापुरतं तेवढं पुरणार नाही, पण महिन्याभरात पुरेल. वळणावर आता थेट तुमच्या गाडीसारखी डुलते. आईला यातलं काही सांगू नका. तिला वाटू दे, गुडघाच वाकला.