चाकावरचा चुना

इंदूर, मंगळवार, संध्याकाळ

शी! किळस आली. काल तुकोगंजात माझी सायकल उभी असतानाच पालिकेच्या माणसांनी रस्त्यावर चुन्याची रेघ मारली आणि रेघेबाहेर आहे म्हणून सायकलच उचलून नेली. वर दंड! अरे, रेघ मारतानाचा चुना चाकावर लागलाय की, म्हणजे सायकल आधीपासूनच तिथे होती!

आज अपिलात, कचेरीच्या आवारात जप्त सायकलीपाशी, साहेबांना तोच दाखवत होतो. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "आपण कोणाचे चिरंजीव?"

वडील दरबारात होते म्हटल्यावर, "मग आधी नाही का सांगायचं!" दंड माफ.

संस्थान गेलं, दरबार गेला, मध्यभारत राज्य झालं म्हणे!

रांगेत माझ्यामागे दूधवाला होता. त्याच्याही चाकावर तोच चुना. "साहबजी, मेरी भी तो देखो."

"दंड भरो."

तो कोणाचा चिरंजीव, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा.